ट्रिप होऊच न शकणारा ब्रेकर

‘एएचयू-७ : स्टार्टर पॅनेलचा ब्रेकर ट्रिप झाला असावा.’

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी पावणेसातला आमच्या बीएमएसच्या, म्हणजे इमारतीतल्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीच्या, स्क्रीनवर हा निरोप आला. एएचयू म्हणजे मजल्याला थंड हवा पुरवणारं यंत्र. पुण्यातली अकरा मजल्यांची ऑफिस इमारत. शिफ्टवरचा ऑपरेटर लगेच सातव्या मजल्यावर गेला, स्टार्टर पॅनेलचं दार उघडलं, तर आतला खटका वर. म्हणजे चालू. त्याने तो एकदा खाली करून परत वर केला, हिरवं बटण दाबलं, काहीच हललं नाही. त्याची खात्री झाली की बीएमएसच खोटं बोलतंय. मग तो कंट्रोलरच्या मागे लागला. वायरी, सेन्सर, कंट्रोलरचा फ्यूज, सगळं तपासण्यात सव्वा तास गेला. उशिरापर्यंत बसणाऱ्यांनी तोवर फाइलींचे पंखे करून झाले होते.

शेवटी काकांना बोलावलं. काका म्हणजे इमारतीचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर. त्यांनी स्टार्टर पॅनेलकडे पाहिलंही नाही. मजल्याच्या इलेक्ट्रिकल शाफ्टचं दार उघडलं आणि मजल्यांना वीज नेणाऱ्या उभ्या बसबारवरच्या टॅप-ऑफ बॉक्सवर, म्हणजे जिथून वीज काढून घेतात त्या डब्यावर, टॉर्च मारला. तिथल्या ६३ अँपिअरच्या एमसीसीबीचा, म्हणजे एमसीबीच्या मोठ्या भावाचा, दांडा ना वर, ना खाली, मधोमध थांबलेला. ट्रिप झालेला एमसीसीबी असाच दिसतो. आधी पूर्ण खाली ओढल्याशिवाय तो परत वर जात नाही. पण काकांनी त्याला हात लावला नाही. आधी मेगर, म्हणजे केबलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणायला सांगितलं. मोटारीच्या केबलमध्ये शॉर्ट निघाला. त्याच टॅप-ऑफवर असलेला टॉयलेटचा एक्झॉस्टही तासाभरापासून बंद होता, फक्त त्याची तक्रार कुणी केली नव्हती.

“काका, सिस्टीम तर म्हणत होती की स्टार्टरमधला ब्रेकर ट्रिप झालाय,” मी म्हटलं.

“अहो साहेब, त्याच्यात ट्रिप व्हायला आहे काय? तो आयसोलेटर आहे.”

आयसोलेटर म्हणजे नुसता हाताने चालू-बंद करायचा खटका. सिस्टीमला त्या वस्तूला ब्रेकर म्हणायला आम्हीच शिकवलं होतं.

नावावरून जात

आमचं काम होतं इमारतीतल्या सगळ्या उपकरणांचं एक डेटा मॉडेल करण्याचं. त्यासाठी आम्ही ब्रिक हा आराखडा घेतला होता. अमेरिका आणि युरोपातल्या काही विद्यापीठांतल्या आणि उद्योगांतल्या संशोधकांनी तो २०१६मध्ये मांडला. कल्पना साधी आहे. प्रत्येक वस्तूला ठरलेल्या वर्गांपैकी एक वर्ग द्यायचा, आणि कोण कुणाला पुरवठा करतं, कोण कुणाचा भाग आहे, कोण कुठे बसवलंय, हे ठरलेल्या नात्यांनी जोडायचं. हे एकदा नीट झालं की ‘हे बंद केलं तर काय काय बंद पडेल’ असे प्रश्न मॉडेललाच विचारता येतात. आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. शटडाउनच्या आधी कुणाकुणाला कळवायचं याची यादी, आणि काही बंद पडलं तर आधी कुठे बघायचं याचा अंदाज.

वातानुकूलन हा ब्रिकचा बालेकिल्ला. व्हीएव्ही, चिलर, डॅम्पर यांच्यासाठी वर्गांची रेलचेल आहे. विजेच्या बाजूला मात्र आमच्या हातातल्या १.३ आवृत्तीत हात आखडता घेतलेला दिसला. ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर, बस रायझर, मोटर कंट्रोल सेंटर, ब्रेकर पॅनेल, स्विचगिअर, डिस्कनेक्ट स्विच असे मोजके वर्ग. ब्रेकर ज्यात बसतात त्या पॅनेलला वर्ग आहे, आतल्या ब्रेकरला नाही. स्विचगिअरची व्याख्या वाचली तर ती ‘मुख्य डिस्कनेक्टकडून वीज घेऊन लहान डिस्कनेक्टांमार्फत बाकीच्या इमारतीला वाटणारं’ अशी. डिस्कनेक्ट स्विचची व्याख्याही मुख्य डिस्कनेक्टपासूनच सुरू होते. आपल्याकडे स्विचगिअर म्हणजे आख्खं खानदान. कॉन्टॅक्टरपासून (कॉइलच्या इशाऱ्याने जोडणारा-तोडणारा स्विच) व्हीसीबीपर्यंत (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) सगळे त्यात येतात आणि दुकानाच्या पाटीवरही तोच शब्द असतो. नुसता ‘स्विच’ हा वर्ग आहे, पण तो प्रकाशयोजनेत, डिमरच्या शेजारी. भिंतीवरचं बटण.

तेव्हा आम्ही आमचे वर्ग वाढवायचं ठरवलं. ब्रिकमध्ये तशी सोय आहे. मूळ वर्गाला धक्का न लावता त्याच्याखाली स्वतःचा उपवर्ग जोडता येतो. चूक पुढे झाली. देखभाल करणाऱ्या एजन्सीकडून उपकरणांची एक्सेल यादी आली होती, आणि टीममधल्या सगळ्यात नव्या इंजिनिअर मुलीला मीच सांगितलं की नावात ‘ब्रेकर’ किंवा ‘एमसीबी’ असेल तर ब्रेकर, ‘स्विच’ असेल तर स्विच, असा पहिला हात मारून घे. ती बिचारी सांगितल्याप्रमाणे वागली.

‘स्विच’च्या रांगेत जे गोळा झालं ते बघण्यासारखं होतं. डीजीचा (डिझेल जनरेटरचा) चेंजओव्हर स्विच, युपीएसचा स्टॅटिक बायपास स्विच, पाण्याच्या टाकीचा फ्लोट स्विच, चिलरच्या पाइपावरचा फ्लो स्विच, लिफ्टचा फायरमन स्विच आणि सर्व्हर रूममधला चोवीस पोर्टचा नेटवर्क स्विच. फ्लोट आणि फ्लो हे खरं तर सेन्सर आहेत. नेटवर्क स्विच तर वेगळ्याच गावचा. ‘ब्रेकर’च्या रांगेत पार्किंगमधले दोन स्पीड ब्रेकर आले. त्यांच्यावर आम्ही हसलो आणि ते काढून टाकले. त्यांच्या मागे लपलेले आयसोलेटर कुणाला दिसलेच नाहीत.

एएचयूच्या स्टार्टर पॅनेलवर डायमोच्या, म्हणजे लेबल छापायच्या छोट्या यंत्राच्या, पट्टीने ‘एमसीबी’ असं चिकटवलेलं होतं. तेच यादीत उतरलं आणि यादीतून मॉडेलमध्ये. बिघाड शोधणारा प्रोग्रॅम बंद पडलेल्या उपकरणापासून उलट्या दिशेने वर चढतो आणि वाटेत जो पहिला ब्रेकर भेटेल त्याच्यावर संशय घेतो. त्याने संशय बरोबरच घेतला. आम्ही त्याला माणूस चुकीचा दाखवला.

प्लेट वाचणं

दुसऱ्या दिवशी काकांनी स्टोअरमधून दोन डबे आणून टेबलावर ठेवले. एक चार पोलचा एमसीबी, एक चार पोलचा मॉड्युलर आयसोलेटर. तीच रुंदी, तोच पांढरा प्लास्टिकचा देह, एकाच रेलवर बसणारे, खटका तेवढाच. दोन मीटरवरून बघितलं तर जुळे भाऊ.

हातात घेतलं की फरक दिसतो. एमसीबीवर ‘सी ३२’ असं छापलेलं आहे. त्यातलं ‘सी’ हे अक्षर ट्रिपच्या वक्राचं. खाली चौकटीत १००००. एवढ्या अँपिअरचा शॉर्ट सर्किट प्रवाह तो तोडू शकतो. आयसोलेटरवर ना वक्राचं अक्षर, ना ती चौकट. त्यावर एसी-२२ए अशी वापराची श्रेणी छापलेली. म्हणजे रोजचा भार, थोडासा ओव्हरलोड धरून, हाताने तोडता येईल. शॉर्ट सर्किट झालं तर तो ठरावीक काळ तग धरेल, तोडणार नाही. तोडायला सांगणारं आत कुणी नाहीच. बायमेटलची पट्टी नाही, चुंबकीय कॉइल नाही. काकांच्या ‘ट्रिप व्हायला आहे काय’चा अर्थ हा.

मग त्यांनी बोट ठेवलं ते मानकाच्या आकड्यावर. आयईसी ६०९४७ ही लो व्होल्टेज स्विचगिअरच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका, भारतात आयएस/आयईसी म्हणून तीच लागू आहे. भाग २ सर्किट ब्रेकरचा. भाग ३ स्विच, डिस्कनेक्टर, स्विच-डिस्कनेक्टर आणि फ्यूजसोबतच्या जोड्यांचा. भाग ४-१ कॉन्टॅक्टर आणि स्टार्टरचा. भाग ६-१ ट्रान्सफर स्विचिंगचा. लहान एमसीबीवर ६०८९८ असतो. गळती ओळखून तोडणाऱ्या आरसीसीबीवर आयएस १२६४० भाग १, आणि ओव्हरलोडचंही संरक्षण ज्यात आहे त्या आरसीबीओवर भाग २. जुन्या पॅनेलमध्ये आयएस १३९४७ दिसतो, तिथेही शेवटचा आकडा तसाच वाचायचा.

एवढी नेमकी वर्गवारी प्रत्येक वस्तूच्या छातीवर छापलेली असताना आम्ही डायमोची पट्टी वाचत बसलो होतो.

पुढचे तीन शनिवार आम्ही इमारत फिरलो. एक जण टॉर्च धरायचा, एक फोटो काढायचा, ती इंजिनिअर आकडे लिहायची, आणि काका मधूनमधून “मॅडम, हात आत नको” म्हणायचे. सगळ्यात मोठा धक्का मजल्यांच्या पॅनेलमध्ये बसला. तिथले इनकमर, म्हणजे पॅनेलमध्ये वीज घेणारे मुख्य स्विच, दिसायला सरळसरळ एमसीसीबी. तीच काळी विटेसारखी चौकट, तोच जाड दांडा, खालच्या आउटगोइंग एमसीसीबींच्याच कंपनीचे. प्लेटवर भाग ३. उत्पादक एकाच साच्यातून ट्रिप युनिट असलेला ब्रेकर काढतात आणि ट्रिप युनिट नसलेला स्विच-डिस्कनेक्टरही काढतात. पॅनेलच्या वर संरक्षण आधीच असेल तर डिझाइनर इनकमरला दुसरा घेतो. त्यात काही गैर नाही. नाव मात्र दोघांनाही ‘इनकमर एमसीसीबी’च पडतं.

एका रेघेवरच्या खुणा

आता वर्ग कसे पाडायचे? आर्किटेक्टकडून आलेल्या आयएफसी (इमारतीच्या मॉडेलचा खुला फॉरमॅट) फाइलमध्ये एक तयार उत्तर होतं. आयएफसीत विजेच्या वस्तूंचे दोन गट आहेत, संरक्षक उपकरण आणि स्विचिंग उपकरण. सर्किट ब्रेकर, अर्थ लीकेजवाले आणि फ्यूज-डिस्कनेक्टर पहिल्यात. कॉन्टॅक्टर, स्विच-डिस्कनेक्टर, स्टार्टर, सिलेक्टर दुसऱ्यात. वाचायला छान. पण ब्रेकर हा स्विचही असतोच, रोज हाताने चालू-बंद होतो. शटडाउनच्या यादीला ‘हाताने तोडता येणारं सगळं’ हवं असतं, तेव्हा दोन्ही गट धुंडाळावे लागतात. उपकरणांना सांकेतिक अक्षरं देणाऱ्या आयईसी ८१३४६ या मानकात आणखी गंमत. मोठा ब्रेकर ‘क्यू’ अक्षराखाली, म्हणजे ऊर्जेचा प्रवाह जोडणं-तोडणं. एमसीबी मात्र फ्यूजच्या पंगतीत ‘एफ’खाली, म्हणजे संरक्षण. दोघेही एकच काम करतात. फक्त कुणी कामाची कुठली बाजू आधी पाहिली, एवढाच फरक.

मला पटलेलं उत्तर सिंगल लाइन डायग्राममध्ये, म्हणजे विजेच्या जोडणीच्या आकृतीत, मिळालं. तिथे स्विचच्या तिरप्या रेघेच्या टोकाशी लहानशी खूण असते. आडवी दांडी असेल तर तो उघडल्यावर खात्रीचं विलगीकरण देतो. बारीक गोल असेल तर भार चालू असताना तोडू शकतो. फुली असेल तर शॉर्ट सर्किट तोडू शकतो. अर्धवर्तुळ असेल तर तो कॉन्टॅक्टर. आणि या खुणा एकमेकींवर चढतात. गोल आणि दांडी एकत्र म्हणजे स्विच-डिस्कनेक्टर. फुली आणि दांडी एकत्र म्हणजे विलगीकरणही देणारा ब्रेकर. ड्रॉइंग काढणाऱ्यांनी वंशवृक्षाच्या भानगडीत न पडता प्रत्येक वस्तू काय काय करू शकते तेवढंच तिच्यावर लिहून ठेवलंय.

आम्ही तेच केलं. ब्रिकच्या विद्युत उपकरणाखाली एकच नवा वर्ग घेतला, ‘पॉवर स्विचिंग उपकरण’. त्याखाली मानकांच्या भागांवरून पाडलेले मोजके उपवर्ग : ब्रेकर, स्विच-डिस्कनेक्टर, फ्यूजची जोडी, कॉन्टॅक्टर, ट्रान्सफर स्विच आणि आरसीसीबी. प्रत्येकाच्या अंगावर चार गुण. विलगीकरण देतो का, भार तोडतो का, शॉर्ट सर्किट तोडतो का, आणि बिघाड स्वतः ओळखून तोडतो का. बिघाड शोधणारा प्रोग्रॅम आता वर्गाचं नाव विचारतच नाही, चौथा गुण विचारतो. एमसीबी, एमसीसीबी, एसीबी (मोठा एअर सर्किट ब्रेकर), व्हीसीबी हे भेद बांधणी म्हणून वेगळ्या रकान्यात गेले. इनकमर, आउटगोइंग, बस कपलर हेही वर्ग नाहीत. ती पदं आहेत. तोच एसीबी उद्या दुसऱ्या फीडरवर बसवला तर पद बदलेल, जात नाही. प्रकाशयोजनेतल्या ‘स्विच’ला आम्ही त्याच्या जागी शांत राहू दिलं. स्टॅटिक बायपासमध्ये थायरिस्टर असतात, उघडणारा संपर्कच नसतो, म्हणून तो युपीएसचा भाग म्हणून ठेवला आणि ‘विलगीकरण देतो’ला ठणठणीत नाही लिहिलं.

आरसीसीबीवरून आमच्यात भांडण झालं. तो ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून तोडतो, म्हणजे चौथा गुण आहे. ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटपासून मात्र तो कुणाला वाचवत नाही, त्याच्यामागे एमसीबी लागतोच. मग ‘बिघाड ओळखतो’ या एका गुणाचे तीन तुकडे केले : ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट, गळती. मला ते तेव्हा उगाच वाढवलेलं वाटलं. पावसाळ्यात टेरेसवरच्या दिव्यांच्या गळतीने माझं तोंड बंद केलं.

फ्यूज आणि बस कपलर

पंप रूममध्ये जुने स्विच-फ्यूज युनिट आहेत, आपल्या भाषेत एसएफयू. यांची एक खोड आहे. फ्यूज उडाला तरी बाहेरचा दांडा चालूवरच राहतो. ब्रेकर उघडला की त्याची अवस्था बदलते, ती तारेने बीएमएसपर्यंत नेता येते. एसएफयू गप्प बसतो आणि मोटार दोन फेजवर गुरगुरते. म्हणून फ्यूजच्या जोडीला ‘बिघाड तोडतो : होय’ आणि ‘तोडल्याचं दांड्यावरून कळतं : नाही’ असं दोन्ही लिहावं लागलं. या वर्गापाशी प्रोग्रॅम आता अवस्थेच्या सिग्नलवर विश्वास ठेवत नाही, पलीकडचं व्होल्टेज मागतो.

कॉन्टॅक्टरचं उलटं. वीज क्षणभर झुकली की त्याची कॉइल सुटते आणि तो उघडतो. बिघाड काहीच नसतो. पूर्वी प्रोग्रॅम याला ट्रिप समजायचा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं बस कपलरने. इमारतीला महावितरणची २२ केव्हीची जोडणी आहे, दोन ट्रान्सफॉर्मर, एलटी (कमी दाबाच्या) पॅनेलमध्ये दोन बस आणि त्यांना जोडणारा कपलर. दोन इनकमर आणि कपलर या तिघांपैकी एका वेळी दोनच चालू ठेवता येतील असं कुलूप-किल्लीचं इंटरलॉक. ब्रिकमधलं ‘पुरवठा करतो’ हे नातं एका दिशेचं आहे. पण पहिला ट्रान्सफॉर्मर देखभालीला काढला की वीज कपलरमधून दुसऱ्या बसकडून पहिल्या बसकडे जाते, दुसरा काढला की उलट. दोन्ही दिशा लिहिल्या तर मॉडेलमध्ये वर्तुळ तयार होतं आणि वर चढणारा प्रोग्रॅम त्यात गरगर फिरत राहतो. आम्ही दोन्ही दिशा लिहिल्या, आणि चढताना उघड्या ब्रेकरमधून जायचं नाही व एकदा पाहिलेल्या बसवर परत यायचं नाही अशी अट प्रश्नातच घातली. हे काम मॉडेलचं की प्रश्न विचारणाऱ्याचं, यावर अजून आमचं एकमत नाही. माझ्या मते तारा कुठून कुठे जोडल्या आहेत एवढंच मॉडेलने सांगावं. या क्षणी वीज कुठून येतेय ते अवस्थेवरून काढावं.

अंतिम डीबीतला, म्हणजे वीज वाटणाऱ्या शेवटच्या डब्यातला, प्रत्येक एमसीबी मॉडेलमध्ये आणायचा मोह आम्ही टाळला. सर्व्हर, एएचयू, लिफ्ट आणि फायर पॅनेलला जाणारे घेतले, बाकी डीबीपाशीच थांबलो. कुणाच्या टेबलाखालचं सॉकेट कुठल्या एमसीबीवर आहे, हे ऑफिसची बसण्याची रचना बदलली की खोटं ठरतं.

तिसरी अवस्था

वर्ग नीट झाल्यावर एक वेगळंच भोक दिसलं. ब्रेकरला तीन अवस्था असतात. चालू, हाताने बंद आणि ट्रिप. आमच्या बीएमएसमध्ये प्रत्येक ब्रेकरचा एकच सिग्नल येत होता, चालू की बंद. म्हणजे कुणी कामासाठी मुद्दाम बंद केलेला ब्रेकर आणि शॉर्टने उडालेला ब्रेकर स्क्रीनवर सारखेच. आम्ही वर्गासोबत नियम लिहिला की जो स्वतः बिघाड ओळखतो त्याला ट्रिपचा वेगळा बिंदू असलाच पाहिजे, आणि तपासणी चालवली. मुख्य पॅनेलचे सगळे एसीबी नापास झाले.

काका म्हणाले, “संपर्क आहे की आत. टर्मिनलपर्यंत आणून ठेवलाय कंपनीने. पुढे केबल कुणी ओढलीच नाही.” मुख्य पॅनेलपासून बीएमएसच्या डब्यापर्यंत अंतर जेमतेम नऊ मीटर. एका रविवारी केबल ओढली. आता ट्रिप झालेला एसीबी स्क्रीनवर लाल दिसतो आणि हाताने बंद केलेला राखाडी. ज्यांची तार अजून आलेली नाही त्यांच्यासाठी मॉडेलमध्ये खोटा बिंदू तयार करायचा नाही हेही ठरलं. तपासणी नापास दाखवत राहिली तरी चालेल.

दिवाळीच्या सुट्टीतल्या वार्षिक शटडाउनला मॉडेलने काढलेली यादी काकांनी पेन घेऊन तपासली. दोन ठिकाणी खोडलं. एक लिफ्टच्या पॅनेलचा चेंजओव्हर, जो आम्ही एकच वस्तू धरला होता. आत प्रत्यक्षात दोन एमसीसीबी आणि त्यांच्यामधलं यांत्रिक इंटरलॉक आहे, आणि त्यातल्या डीजीकडच्या एमसीसीबीला वेगळा ट्रिप आहे. आता तो ट्रान्सफर स्विच दोन ब्रेकर पोटात घेऊन बसलाय.

दुसरं खोडलं ते तळघरातल्या पंप रूमचं. तिथल्या सात डब्यांच्या प्लेटवर कुणीतरी पॅनेल रंगवताना राखाडी रंग मारलाय, आकडे वाचता येत नाहीत. ती इंजिनिअर म्हणत होती की दांड्यावरून तरी ब्रेकर वाटतायत, तसं लिहू का. काकांनी मान हलवली. मॉडेलमध्ये त्या सातही वस्तू वरच्या वर्गातच आहेत, ‘पॉवर स्विचिंग उपकरण’, उपवर्ग रिकामा, चारही गुण रिकामे. पुढच्या शटडाउनच्या सामानाच्या यादीत तिने थिनर आणि चिंध्या लिहून ठेवल्या आहेत.